छायाचित्रातील खाडाखोड

पॅरिस शहरातील बुलेव्हार द्यु ताँप्ल हा एकोणिसाव्या शतकात नाटकगृहांचा आणि गर्दीचा रस्ता होता. घोडागाड्यांची ये-जा तेथे सतत चाले. १८३८ साली लुई दागेर या चित्रकार-संशोधकाने आपल्या खिडकीतून या रस्त्याचे एक छायाचित्र घेतले. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेले ते चित्र पाहताना मन चक्रावते. घरांची धुराडी दिसतात, खिडक्या मोजता येतात, झाडांच्या रांगा दिसतात. परंतु रस्ता ओस आहे. गाडी नाही, घोडा नाही, गर्दी नाही. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस पाय पुढे करून बुटांना पॉलिश करून घेत उभा आहे. छायाचित्रात उमटलेला हा पहिला ज्ञात माणूस मानला जातो.

वस्तुतः त्या वेळी रस्ता वाहतच होता. त्या काळी पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. तेवढ्या अवधीत जे हलले ते उमटले नाही. जे स्थिर राहिले तेवढेच टिकले. तारायंत्राचे संशोधक सॅम्युएल मोर्स १८३९ च्या मार्च महिन्यात पॅरिसला होते. दागेर यांच्या चित्रांविषयी मायदेशी पाठविलेल्या पत्रात त्यांनी या ओस रस्त्याचा आणि त्या एकट्या माणसाचा आवर्जून उल्लेख केला आहे.

छायाचित्रातून काही नाहीसे होणे ही गोष्ट अशी छायाचित्राइतकीच जुनी आहे. आज घराघरांतील मुले मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवतात आणि नको असलेला विजेचा खांब, कचऱ्याचा डबा किंवा मागून जाणारा अनोळखी इसम क्षणात अदृश्य होतो. ही किमया नवी असली, तरी तिच्या मागची इच्छा नवी नाही. चाकू, पेन्सिल आणि रंगाचा ब्रश घेऊन माणसाने हेच काम दीडशे वर्षे केले. या इतिहासाकडे पाहताना एक प्रश्न आम्हांस सतत महत्त्वाचा वाटत आला आहे. चित्रातून एखादी वस्तू काढली, की तिच्या जागी काय येते? फळ्यावरील अक्षर पुसले की फळा उरतो. छायाचित्राचे तसे नाही. खांब पुसला, तर खांबामागचे आकाश आपोआप दिसत नाही, कारण ते आकाश कॅमेऱ्याने कधी पाहिलेलेच नसते. ते कोणीतरी रचावे लागते. म्हणून छायाचित्रातील प्रत्येक खोडणे हे एक नवे लिहिणेही असते.

चाकू, पेन्सिल आणि रंग

प्रारंभीच्या छायाचित्रकारांना सर्वांत जास्त छळले ते आकाशाने. काचेवर चढविलेले तेव्हाचे रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई. जमिनीचे चित्र नीट उतरेपर्यंत आकाश जळून गेलेले असे. तेथे डाग आणि ठिपके दिसत. मग कारागीर निगेटिव्हवरील आकाशाच्या भागावर गडद रंगाचा लेप देत. तेथून प्रकाश पलीकडे जात नसल्यामुळे छापलेल्या प्रतीत आकाश स्वच्छ पांढरे येई. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी याहून पुढची युक्ती काढली. १८५६-५७ च्या सुमारास त्यांनी घेतलेल्या समुद्राच्या काही प्रसिद्ध छायाचित्रांत पाणी एका निगेटिव्हचे, तर ढग दुसऱ्या निगेटिव्हचे आहेत. पाहणाऱ्यांनी त्या चित्रांची वाहवा केली.

निगेटिव्हवर काम करण्याचे शास्त्र उलटे असते. निगेटिव्हवर जेथे रंग भरावा तेथे प्रत पांढरी होते. जेथे चाकूने थर खरवडावा तेथे प्रत काळी होते. चेहऱ्यावरील सुरकुती किंवा देवीचा व्रण झाकायचा, तर निमुळत्या टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर बारीक बारीक रेघा द्याव्या लागत. मोठी वस्तू काढायची झाल्यास छापलेल्या प्रतीवरच हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारणारे यंत्र वापरत आणि रंगविलेल्या प्रतीचे पुन्हा छायाचित्र घेत. त्या नव्या छायाचित्रात रंगाचा उंचवटा दिसत नसे आणि जोड लपून जाई.

हे काम आपल्याकडील स्टुडिओंनाही परके नव्हते. उतरत्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, मागून उजेड घेऊन, डोळ्यांत तेल घालून ‘टचिंग’ करणारा कारागीर ही स्टुडिओची प्रतिष्ठा असे. घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर त्याचा वेगळा फोटो नाही असे लक्षात येई. मग कोणाच्या तरी लग्नातील समूहचित्र स्टुडिओत नेले जाई. कारागीर तेवढाच चेहरा उचले, आजूबाजूचे पाहुणे घालवी, मागे साधा पडदा रंगवी आणि प्रसंगी आयुष्यात कधी कोट न घातलेल्या आजोबांच्या अंगावर कोट आणि टायही चढवी. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. कोट आजोबांचा नाही हे सगळ्या घराला ठाऊक असे, आणि ते मूळ समूहचित्रही ट्रंकेत जपून ठेवलेले असे. या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढे ज्यांचा इतिहास सांगायचा आहे त्यांच्या कामात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

पाण्याने भरलेली जागा

विसाव्या शतकात खाडाखोडीची ही कला राज्यकर्त्यांच्या हाती गेली. सोव्हिएत रशियातील दोन उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. ५ मे १९२० रोजी मॉस्कोतील चौकात लाकडी व्यासपीठावरून लेनिन सैनिकांपुढे भाषण करीत असताना एक छायाचित्र घेतले गेले. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर लिऑन ट्रॉट्स्की आणि लेव्ह कामेनेव्ह उभे होते. पुढे स्टालिनच्या काळात दोघेही शत्रू ठरले. त्यानंतर छापलेल्या चित्रांत पायऱ्यांवर माणसे नाहीत. नुसत्या लाकडी फळ्या आहेत.

दुसरे छायाचित्र मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठचे आहे. स्टालिनच्या बाजूला ठेंगणा निकोलाय येझोव्ह चालत आहे. १९३६ ते १९३८ या काळात तो गुप्त पोलिस खात्याचा प्रमुख होता आणि त्याच्या आदेशांनी असंख्य लोक मारले गेले. १९३९ साली त्यालाच अटक झाली आणि १९४० च्या फेब्रुवारीत गोळी घालण्यात आली. त्यानंतरच्या प्रतीत स्टालिनच्या बाजूला कोणी नाही. तेथे कालव्याचे पाणी शांतपणे वाहत आहे. कारागिराने ते पाणी इतक्या सफाईने रंगविले आहे, की मूळ चित्र न पाहिलेल्या माणसाला शंकाही येऊ नये. ब्रिटिश संग्राहक डेव्हिड किंग यांनी मूळ आणि बदललेली अशी चित्रे आयुष्यभर जमविली आणि १९९७ साली ग्रंथरूपाने शेजारी शेजारी मांडली, म्हणून जगाला हा सारा प्रकार इतका स्वच्छ दिसला.

प्राग शहरातील प्रसंगही असाच आहे. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी कम्युनिस्ट नेते क्लेमेंट गोटवाल्ड यांनी गच्चीवरून जमावापुढे भाषण केले. त्यांच्या शेजारी व्लादिमीर क्लेमेंतिस उभे होते. पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या क्लेमेंतिस यांच्यावर देशद्रोहाचा आरोप आला आणि १९५२ च्या डिसेंबरमध्ये त्यांना फाशी देण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांची छबीही गेली. चेक कादंबरीकार मिलान कुंदेरा यांनी आपल्या एका कादंबरीच्या आरंभी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या कथनानुसार त्या थंडीत क्लेमेंतिस यांनी आपली टोपी काढून गोटवाल्ड यांच्या डोक्यावर ठेवली होती. माणूस चित्रातून गेला. टोपी मात्र राहिली.

या चित्रांत माणसाच्या जागी काय आले ते पाहावे. फळ्या आल्या, पाणी आले. निरुपद्रवी, कोणाचे लक्ष वेधून न घेणाऱ्या वस्तू आल्या. खोडणाऱ्याचे कसब यातच असते, की भरलेली जागा कोणाला पाहावीशीच वाटू नये.

घड्याळ आणि खांब

हुकूमशहांची उदाहरणे पाहून आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. म्हणून आता लहान गोष्टींकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, २ मे १९४५ रोजी, येव्हगेनी खाल्देई यांनी बर्लिनमधील राइशस्टाग या संसदभवनावर सोव्हिएत ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे छायाचित्र घेतले. त्यातील एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. दोन घड्याळे म्हणजे लुटीची शंका. छापण्यापूर्वी त्यांतील एक घड्याळ निगेटिव्हवरून खरवडून काढण्यात आले, आणि मागे धुराचे लोट वाढविण्यात आले. वस्तू बोटभरही नव्हती. परंतु जित शहरातील नागरिकांवर काय गुदरले याचा तो एक मूक साक्षीदार होता.

अमेरिकेतील उदाहरण याहून निराळे आहे. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शने चालू असताना नॅशनल गार्डच्या जवानांनी गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मरण पावले. जॉन फिलो या विद्यार्थी छायाचित्रकाराने एका मृत विद्यार्थ्याजवळ गुडघे टेकून आक्रोश करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र घेतले. त्यास १९७१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ चित्रात मुलीच्या बरोबर मागे कुंपणाचा एक खांब आहे. तो तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. ‘लाइफ’ या विख्यात मासिकाने मे १९९५ च्या अंकात हे चित्र छापले, तेव्हा त्यात खांब नव्हता. वाद उठल्यावर मासिकाने सांगितले, की हा बदल आपण केलेला नाही. छायाचित्र-संग्रहातून आलेली प्रतच तशी होती. पूर्वीच कधीतरी, कोण्या अज्ञात हाताने डार्करूममध्ये तो खांब काढला होता आणि त्यानंतर ती प्रत अनेक ठिकाणी छापलीही गेली होती.

या खांबाने कोणाचा गुन्हा झाकला जात नव्हता. कोणाला फसविण्याचा हेतूही नव्हता. चित्र अधिक सुबक दिसावे एवढेच त्या हाताला वाटले असणार. तरीही वाद झाला, आणि तो होणे आम्हांस योग्य वाटते. एका हत्याकांडाचा पुरावा म्हणून जे चित्र जगापुढे ठेवले जाते, त्यातील खांब हलवता येत असेल, तर आणखी काय काय हलविले आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला मिळतो. आणि मृत्यू पावलेल्यांच्या बाजूने बोलणारी साक्ष तेवढी दुबळी होते.

संगणकाचे आगमन

१९८० नंतर हे काम डार्करूममधून संगणकावर आले. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील गिझाचे पिरॅमिड होते. आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसविण्यासाठी संगणकाने दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकविले. साडेचार हजार वर्षे जागच्या जागी असलेली दगडी वास्तू अशी क्षणात हलली, आणि पत्रकारांच्या जगात बराच काळ त्याची चर्चा चालली.

तेव्हा ही यंत्रे फार महाग होती. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या टॉमस नोल यांनी संगणकाच्या पडद्यावर करड्या छटांची चित्रे दाखविणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. चित्रपटांच्या दृश्यकरामतींचे काम करणारे त्यांचे बंधू जॉन यांनी त्यात रस घेतला. दोघा भावांच्या परिश्रमांतून ‘फोटोशॉप’ तयार झाले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ते बाजारात आणले. जे काम कुशल कारागिराला दिवसभर पुरे ते आता टेबलावरील संगणकावर तासाभरात होऊ लागले.

संगणक मोकळी जागा कशी भरतो हे समजून घेण्यासारखे आहे. संगणकावरील छायाचित्र म्हणजे लाखो रंगीत ठिपक्यांची जाळी. पहिली पद्धत शिक्क्याची होती. गवतावर पडलेली पिशवी काढायची, तर शेजारच्या गवताचे ठिपके उचलून पिशवीवर शिक्क्यासारखे उमटवायचे. यात नजर आणि हात माणसाचेच होते. २००० साली मार्सेलो बेर्ताल्मियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्या कारागिरांपासून धडा घेतला. कारागीर ज्याप्रमाणे भोवतालच्या रेषा हळूहळू आत वाढवत नेतो, त्याप्रमाणे संगणकाने कडेपासून आत रंग आणि रेषा नेत जागा भरावी, अशी गणिती रीत त्यांनी बसविली. २००९ साली चित्रातील मिळत्याजुळत्या तुकड्यांचा वेगाने शोध घेणारी पद्धत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये भोवताल पाहून आपणहून जागा भरण्याची सोय आली. आता माणसाने वस्तूभोवती फक्त रेघ ओढायची; बाकीचे काम यंत्राचे.

यापलीकडचे पाऊल गेल्या काही वर्षांतील आहे. २०२१ साली गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ‘मॅजिक इरेझर’ आला. २०२३ साली फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने जागा भरण्याची सोय झाली. २०२४ साली अ‍ॅपलच्या फोनमध्येही तशी सोय आली. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र केवळ शेजारचे गवत उचलत नाही. असंख्य छायाचित्रांवरून ते शिकलेले असते आणि अशा ठिकाणी साधारणतः काय असते याचा अंदाज करून ते नवे चित्र रचते. खांबामागे घर असावेसे वाटले तर ते घर रचील, खिडकी असावीशी वाटली तर खिडकी. ते घर कोणी बांधलेले नसते आणि त्या खिडकीतून कोणी कधी डोकावलेले नसते.

यांत एक जुनी, प्रामाणिक युक्तीही आहे. कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवून एकाच वास्तूची थोड्या थोड्या वेळाने दहा-पंधरा छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकाला प्रत्येक ठिपक्याचे मधले मूल्य निवडायला सांगावे. येणारे-जाणारे प्रवासी प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात, म्हणून ते गळून पडतात आणि वास्तू तेवढी उरते. दागेर यांच्या पत्र्यावर जे आपोआप घडले तेच येथे हेतुपूर्वक घडते. या रीतीत भरलेली जागा कल्पनेची नसते. माणूस बाजूला झाल्यावर कॅमेऱ्याने ती खरोखरच पाहिलेली असते.

कापणे आणि भरणे

वृत्तछायाचित्रांच्या जगाने या बाबतीत कठोर नियम केले. २०१० साली ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत युक्रेनचे स्तेपान रुदिक यांचे पारितोषिक काढून घेण्यात आले. रस्त्यावरील मारामारीपूर्वी हाताला पट्टी बांधणाऱ्या तरुणाचे ते चित्र होते. रुदिक यांनी मूळ चित्राचा मोठा भाग कापून टाकला होता आणि रंग घालवून ते काळे-पांढरे केले होते. परीक्षकांचा त्याला आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो हाताच्या मागे दिसणारा दुसऱ्या कोणाच्या पावलाचा लहानसा भाग पुसल्याबद्दल.

वरवर पाहता हा न्याय विचित्र वाटेल. अर्ध्याहून अधिक चित्र कापले ते चालले आणि बोटभर पाऊल पुसले ते चालले नाही! परंतु यात तत्त्व आहे. चौकट लहान केली, की चित्र कमी सांगते. त्यात खोटे काही भरले जात नाही. पाऊल पुसले, की त्या जागी कॅमेऱ्याने न पाहिलेले काहीतरी ठेवावे लागते.

२०१४ च्या जानेवारीत ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने नार्सिसो कोन्त्रेरास या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. सीरियातील यादवीची छायाचित्रे घेणाऱ्या ज्या चमूला आदल्या वर्षी पुलित्झर मिळाले होते, त्यात ते होते. सप्टेंबर २०१३ मधील एका चित्रात बंडखोर सैनिकाजवळ, खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलेला दिसत होता. लक्ष विचलित होईल म्हणून त्यांनी तो शेजारच्या मातीने झाकला आणि नंतर स्वतःच ही गोष्ट संपादकांना सांगितली. संस्थेने त्यांची सुमारे पाचशे छायाचित्रे तपासली. दुसरा कोणताही बदल आढळला नाही. तरीही निर्णय फिरला नाही.

जीव धोक्यात घालणाऱ्या आणि आपणहून सत्य सांगणाऱ्या माणसाला ही शिक्षा फार झाली, असे आम्हांसही वाटते. पण तो कॅमेरा अगदीच निरर्थक होता काय? त्या सैनिकाजवळ आणखी एक पत्रकार होता आणि तो एकाकी नव्हता, एवढे तर त्याने सांगितलेच असते. पार्श्वभूमीतील वस्तू काय सांगते हे छायाचित्र घेणाऱ्याला त्या क्षणी कळतेच असे नाही.

धर्ममंडळांच्या अंगणात

हा मोह धर्मसंस्थांना शिवत नाही असे म्हणण्याची सोय नाही. २००९ साली रशियन ऑर्थोडॉक्स धर्ममंडळाचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील यांच्या एका भेटीचे छायाचित्र घेतले गेले. २०१२ च्या एप्रिलमध्ये धर्ममंडळाच्या संकेतस्थळावरील त्याच्या प्रतीत जागरूक लोकांना एक चमत्कार दिसला. पॅट्रिआर्कच्या मनगटावर काही नव्हते. समोरच्या चकचकीत टेबलावर मात्र महागड्या घड्याळाचे प्रतिबिंब स्पष्ट होते. धर्ममंडळाच्या कार्यालयाने क्षमा मागून मूळ चित्र पुन्हा प्रसिद्ध केले.

आपल्या घरातील प्रसंग याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. १२ मार्च २०१८ रोजी व्हॅटिकनमध्ये तत्कालीन पोप फ्रान्सिस यांच्या ईशज्ञानावरील अकरा पुस्तकांच्या मालेचे प्रकाशन झाले. निवृत्त पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यानिमित्त पाठविलेल्या पत्राचे छायाचित्र संपर्क-माध्यम खात्याने वृत्तपत्रांना दिले. त्या छायाचित्रात पहिल्या पानाच्या शेवटच्या दोन ओळी धूसर केलेल्या होत्या आणि दुसरे पान पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली झाकले गेले होते. आपण ही पुस्तके वाचलेली नाहीत, हे बेनेडिक्ट यांनी त्या धूसर ओळींत सांगायला घेतले होते. वृत्तसंस्थेने ही बाब उजेडात आणली. १७ मार्चला व्हॅटिकनने संपूर्ण पत्र प्रसिद्ध केले आणि २१ मार्चला खात्याचे प्रमुख मोन्सिन्योर दारिओ व्हिगानो पदावरून दूर झाले. त्याच वर्षी जानेवारीत जागतिक संपर्क-माध्यम दिनासाठी दिलेल्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातम्यांचाच विषय घेतला होता.

धूसर केलेल्या त्या दोन ओळींत लाज वाटण्यासारखे काही नव्हते. एका वयोवृद्ध माणसाने प्रामाणिकपणे दिलेला तो नकार होता. तो उघड ठेवला असता, तर एक दिवसाची चर्चा होऊन विषय संपला असता. झाकल्यामुळे तोच मथळा झाला. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा केवळ जिभेसाठी नाही, हे त्या आठवड्याने आपल्या सर्वांना शिकविले.

व्हितेर्बोचा धडा

मग मोकळी जागा भरूच नये काय? या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर आम्हांस इटलीतील एका चर्चमध्ये आढळते. रोमच्या उत्तरेस व्हितेर्बो नावाचे गाव आहे. तेथील एका चर्चचे नाव सांता मारिया देल्ला व्हेरिता, म्हणजे ‘सत्याची पवित्र मरिया’. त्यातील मात्साटोस्टा चॅपेलच्या भिंतींवर लोरेंझो दा व्हितेर्बो या चित्रकाराने १४६९ साली पवित्र मरियेच्या जीवनातील प्रसंग रंगविले होते. १९४४ सालच्या बॉम्बवर्षावात ही भित्तिचित्रे अक्षरशः हजारो तुकडे होऊन जमिनीवर कोसळली. रोममधील पुनरुद्धार संस्थेचे प्रमुख चेझारे ब्रांदी यांच्या मार्गदर्शनाखाली तुकडे वेचून, जुळवून पुन्हा भिंतीवर बसविण्यात आले. अर्थात सगळे सापडले नाहीत. मध्ये मध्ये जागा मोकळ्या राहिल्या.

त्या जागा कारागिरांनी जलरंगाच्या बारीक उभ्या रेघांनी भरल्या. दूर उभे राहिले, की रेघा एकजीव होतात आणि चित्र अखंड दिसते. जवळ गेले, की रेघा मोजता येतात आणि कोणता भाग लोरेंझोचा, कोणता नंतरचा, हे लहान मुलालाही कळते. सौंदर्याची भूक भागते आणि सत्यालाही धक्का लागत नाही. ज्याला पाहायचे आहे त्याच्यापासून काहीही लपविलेले नाही.

आजच्या यंत्रांची दिशा याच्या नेमकी उलट आहे. भरलेला भाग कधीच ओळखू येऊ नये हेच त्यांचे यश समजले जाते. यावर उपाय म्हणून २०२१ पासून काही मोठ्या कंपन्या आणि बीबीसीसारख्या प्रसारण-संस्था मिळून छायाचित्रात कोणते बदल केले याची नोंद चित्राबरोबरच वाहून नेणारे मानक तयार करीत आहेत. व्हितेर्बोच्या उभ्या रेघांचेच ते नवे रूप म्हणता येईल.

आपले अल्बम

आपल्या कुटुंबांत लग्न, प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, गुरुदीक्षा अशा प्रसंगांची छायाचित्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात. जुनी चित्रे संगणकावर चढविण्याचे काम अनेक घरांत तरुण मंडळी हौसेने करतात आणि ते स्तुत्य आहे. डाग काढणे, फाटलेला कोपरा सांधणे, उडालेला रंग सावरणे यांत गैर काही नाही. भिंतीवर लावायच्या प्रतीतून मागची प्लास्टिकची बादली काढली, तरी कोणाचे बिघडत नाही.

परंतु बादली आणि बावखल यांत भेद आहे. वसईच्या एखाद्या जुन्या घराच्या अंगणातील लग्नाचे चित्र घ्या. पुढे नवरा-नवरी आहेत. मागे मांडवाचा वासा, केळीची बाग, विहिरीवरील रहाट, लाल लुगडे नेसून कडेला उभी असलेली एखादी वृद्धा, आणि बाजूला बावखलाचा काठ. छायाचित्रकाराने हे काही मुद्दाम घेतले नव्हते. ते आपसूक आले. आज कित्येक बावखले बुजली, रहाट थांबले. नवरा-नवरीच्या चेहऱ्यांसाठी घेतलेले ते चित्र पन्नास वर्षांनी त्या मागच्या पसाऱ्यामुळे इतिहास झाले. ज्याला आपण नको असलेली पार्श्वभूमी म्हणतो, ती बहुधा आपल्या नातवंडांना हवी असलेली गोष्ट असते. धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चित्रे निवडताना आणि स्वच्छ करताना संपादकांनी याची विशेष आठवण ठेवावी.

आणि माणसांच्या बाबतीत तर फारच जपून असावे. भाऊबंदकीत, घटस्फोटात, रुसव्याफुगव्यांत छायाचित्रांवर राग निघतो. पूर्वी लोक कात्री घेऊन नावडता चेहरा कापून टाकीत. ते कृत्य कठोर होते. परंतु कात्रीने पडलेले भोक तेथे राही आणि पाहणाऱ्याला सांगे, की येथे कोणीतरी होते. पुढच्या पिढीतील एखादे मूल विचारी, “येथे कोण होते?” आणि त्या प्रश्नातून कधी कधी समेटाची वाट निघे. सॉफ्टवेअर भोक ठेवत नाही. ते तेथे भिंत रचते, पडदा रचते, झाड रचते, आणि मग प्रश्न विचारायलाही जागा उरत नाही. दुरावलेल्या भावाला घराचे दार बंद करणे एक. तो कधी घरात नव्हताच असे मुलांना शिकविणे फार वेगळे.

म्हणून आमची वाचक कुटुंबांना तीन साध्या गोष्टींची विनंती आहे. मूळ छायाचित्र आहे तसे जपावे. बदल नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावेत. बदललेल्या प्रतीच्या मागे किंवा तिच्या नावात तसे दोन शब्दांत नमूद करावे. आणि वस्तू काढली तरी माणूस काढू नये. त्याचे नाव, गाव, नाते चित्राच्या मागे लिहून ठेवावे, मग आज त्याच्याशी आपले बोलणे असो वा नसो. येत्या नाताळात सारे कुटुंब एकत्र जमेल, तेव्हा जुना अल्बम काढावा आणि घरातील ज्येष्ठांना मागच्या रांगेतील माणसांची नावे विचारून घ्यावीत. ती नावे सांगणारी माणसे फार दिवस आपल्यात असणार नाहीत.